पणजोबांचं नाव काय?
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर, थोडा वाढवून)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात माईक देणं तसं धोक्याचंच. काही सभासदांनी सुचवलं होतं की ठेवींवरच्या व्याजावर बोला. पण व्याजाचे दर आपल्या ज्येष्ठ मंडळींना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, तेव्हा तो विषय मी सोडून दिला. आज बोलणार आहे ते जुन्या वह्यांबद्दल. आपले आजोबा, पणजोबा, त्यांच्या आधीची माणसं कुठल्या कागदावर सापडतात आणि ती शोधून काय होतं, याबद्दल.

आधी एक छोटी परीक्षा. ज्यांना आपल्या वडिलांच्या आजोबांचं नाव माहीत आहे त्यांनी हात वर करावा. ठीक, बरेच आहेत. आता ज्यांना आईच्या आजीचं नाव माहीत आहे त्यांनी. (या वेळी नऊ हात वर आले. त्यातले सहा महिलांचे होते.) हे असंच होतं, कुठेही विचारा. पुरुषांची नावं चार पिढ्या टिकतात, बायकांची दोन. कारण आपण ज्या कागदावर विसंबतो, त्या सातबाऱ्यावर आणि फेरफारावर बायका फार कमी येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

मला या नादाला लावलं ते बँकेतल्या एका टेबलाने. ‘मयत खातेदार’ नावाची फाईल असते. खातेदार गेला, नॉमिनी नाही, की घरची मंडळी येतात. मग वारस दाखला आणा, उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा. तुम्हाला सांगतो, आपल्याकडे वारस दाखला आजही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन आठखाली दिला जातो. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा! त्या टेबलावर मी अनेक वर्षं काढली. समोर दोन भाऊ बसलेले असायचे आणि एक म्हणायचा, “साहेब, आम्ही दोघंच.” मग आठ दिवसांनी तिसरा यायचा. कधी बहीण यायची. आपलं कुटुंब किती मोठं आहे हे माणसाला पैसे वाटायच्या दिवशी कळतं.

माझा पुतण्या इंग्लंडात असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या बाईंनी आपल्या घराण्याची तेरा पिढ्यांची वंशावळ काढली आहे, तीही बहुतेक घरबसल्या. पुतण्या मला फोनवर म्हणाला, “काका, आपली तीन पिढ्यांपुढे जात नाही.” मी जरा चिडलो. मग त्यांचं जमतं कसं ते वाचून काढलं.

त्यांचं जमतं कारण १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. गंमत पुढे आहे. ही वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी गावाच्या वॉर्डनांकडे. म्हणजे बघा, आम्ही स्ट्राँगरूमची जॉइंट कस्टडी म्हणतो ती हीच. पुढे १५९८ मध्ये सांगितलं की जुन्या कागदी वह्या चामड्याच्या पानांवर उतरवून घ्या आणि दर वर्षीची नक्कल बिशपकडे पाठवा. म्हणजे शाखेने हेड ऑफिसला रिटर्न पाठवायचं. शाखा जळाली तरी हेड ऑफिसात प्रत आहेच. चारशे वर्षं हा हिशोब चालला, म्हणून त्या बाईंना तेरा पिढ्या मिळाल्या. सरकारी जन्म-मृत्यू नोंद तिथे १८३७ मध्ये सुरू झाली, ती बरीच उशिरा.

दुसरी गोष्ट मृत्युपत्रांची. १८५८ पर्यंत इंग्लंडात मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, त्यात कॅन्टरबरीचं सगळ्यात मोठं. त्या वर्षी ते काम सरकारी न्यायालयाकडे गेलं आणि देशभराची एकच सूची तयार होऊ लागली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत माणूस जन्मतो, पण मृत्युपत्रात तो बोलतो. थोरल्या मुलीला पलंग, धाकटीला पितळी भांडं, जावयाला काही नाही. जावयाला काही नाही म्हटलं की वाचणाऱ्याला दोनशे वर्षांनीही कळतं घरात काय चाललं होतं. गरिबांची मृत्युपत्रं मात्र फारशी नसतात, कारण द्यायलाच काही नसतं.

आणि हे फक्त विलायतेत राहिलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला मुंबईहून लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या अशा नोंदी १७०९ पासूनच्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एखाद्या इंग्रजाचा खापरपणजोबा मुंबईत तापाने गेला असेल तर त्याची तारीख त्याला लंडनमध्ये मिळते. त्याच काळातल्या आपल्या माणसाची तारीख मात्र आपल्याला इथे राहून मिळत नाही.

अगदीच मिळत नाही असं नाही म्हणा. आपल्याकडेही वह्या आहेत. फक्त त्या वेगळ्या लोकांकडे आहेत आणि वेगळ्या कामासाठी ठेवल्या होत्या.

त्र्यंबकेश्वरला आणि नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. तुमचं आडनाव आणि मूळ गाव सांगा, ते लाल कापडातली लांबट वही काढतात. माझं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं. निवृत्तीनंतर मी गेलो तेव्हा गुरुजींनी गाव विचारलं, आळी विचारली आणि दहा मिनिटांत माझ्या आजोबांचं मोडीतलं हस्ताक्षर माझ्यासमोर ठेवलं. सोबत कोण आलं होतं, कुणाचं श्राद्ध केलं, सगळं. मी आजोबांना पाहिलेलं नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. अक्षर तेवढं पाहिलं. पुढची ओळ कुणी लिहायची म्हणून गुरुजींनी पेन माझ्या हातात दिलं.

मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो. वर्गात आम्ही सगळे साठीच्या पुढचे, आणि शिकवणारी मुलगी पंचविशीची. मोडी म्हणजे काय आहे, लिहिणाऱ्याला सोय आणि वाचणाऱ्याला शिक्षा. हात न उचलता लिहायचं म्हणून ती लिपी तशी झाली. पण सरकारी दप्तरात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. त्यामुळे १९३०-३५ चा फेरफार काढलात तर तो तुम्हाला मोडीत मिळू शकतो, आणि तलाठ्यालाही तो वाचता येत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्यातलं राजकारण आपण इथे बाजूला ठेवू. पण गाव नमुना चौदा, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर हे शब्द त्यानिमित्ताने घराघरांत पोचले, हे चांगलं झालं.

शाळेच्या रजिस्टरबद्दल एक इशारा. तिथली जन्मतारीख एक जून असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे. मास्तरांनी पोराकडे बघून वर्ष ठरवायचं आणि तारीख एक जून घालायची. आमच्या बँकेत एक जूनला वाढदिवसाचे इतके पेढे यायचे की कॅशियर म्हणायचा आज दुपारचं जेवण नको.

आता आपल्या वसईकडे येतो. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे बाहेरून येऊन वसईकर झालेले. कोकणातून, देशावरून, गिरगाव-परळच्या चाळींतून. आपल्याला वाटतं वसई म्हणजे स्टेशन, भाजी आणि स्वस्त घरं. पण ज्या गोष्टीचं मी इंग्लंडबद्दल कौतुक केलं, ती गोष्ट आपल्या दारात आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५५४ मध्ये सिमाव बोतेल्यू नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने महसुलाचा तोंबो तयार केला, त्यात वसईच्या मुलखाचा हिशोब आहे. आणि त्यानंतर दहाच वर्षांच्या आत, म्हणजे १५६३ मध्ये, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की लग्नाची नोंद फादरांनी वहीत केलीच पाहिजे. नंदाखाल, आगाशी, सांडोर, माणिकपूर, पापडी ही सगळी जुन्या चर्चची गावं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, राज्यं बदलली, पुढे इंग्रज आले. पहिल्या दोन शतकांतलं कागदपत्र फारसं हाती लागत नाही. पण नंतरच्या काळातले बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांचे रजिस्टर आपल्या भागातल्या कित्येक चर्चमध्ये आज कपाटात नीट ठेवलेले आहेत. मी स्वतः त्यातले काही पाहिले, ते का, हे सांगतो.

आमच्या विंगमध्ये एक ख्रिस्ती शेजारी आहेत. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी गोष्टीपुरती आहे, नावापुरती नाही. त्यांचं मूळ गाव इथून रिक्षाने वीस मिनिटांवर, समुद्राच्या बाजूला. तिथे त्यांची वडिलोपार्जित वाडी. केळी होती, पानवेल होती, आता बहुतेक गवत. चुलतभावंडं मिळून अकरा जण. सगळ्यांनी ठरवलं की वाडी विकायची. घेणाऱ्याच्या वकिलाने रिवाजाप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस दिली: कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे.

बाराव्या दिवशी वांद्र्याहून एक पत्र आलं. पत्र एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांचं म्हणणं, तुमचे पणजोबा पेद्रू हे माझ्या आईचे वडील. त्यांना तीन मुलगे होते तशी एक मुलगीही होती, ती माझी आई.

घरात एकच गोंधळ. अकरापैकी कुणी या मुलीचं नाव ऐकलेलं नव्हतं. १९३५ चा फेरफार मी वाचून दिला, मोडीतच होता: मयत पेद्रू यांस वारस मुलगे तीन, अशी नोंद, खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे. मुलीचा उल्लेख नाही. भावांपैकी दोघे म्हणाले, झालं, कागद स्पष्ट आहे. वकिलाचंही म्हणणं पडलं की बाईंना कोर्टात जाऊ द्या, इतक्या वर्षांनी मुदतीचा मुद्दा काढता येईल, आणि त्यांचं वय बघता… पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. आमचे शेजारी मात्र मला म्हणाले, “दादा, हक्काचं नंतर बघू. आधी मला हे कळू दे की ती होती की नव्हती.”

मग आम्ही दोघे फादरांकडे गेलो. फादर भले माणूस. अर्ज लिहून घेतला, मोबाईल बाजूला ठेवायला लावले, हात धुवून या म्हणाले आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. लॅटिन आम्हाला दोघांनाही येत नव्हतं, पण फादर शेजारी बसले. एकदा नोंदीची घडण कळली की फार लॅटिन लागत नाही. अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, वडिलांचा धंदा, पाडा, धर्मपिता, धर्ममाता, फादरांची सही. बघा, आईचं नाव प्रत्येक नोंदीत. फेरफारात जी बाई कुठेच नसते, ती इथे प्रत्येक मुलामागे पुन्हा पुन्हा येते.

अडचण नावांची. घरात ज्याला पेद्रू म्हणत तो रजिस्टरात पेट्रुस. सातबाऱ्याला पेद्रू, गाव नमुना चौदात पेडू. जुवांवचा योहान्नेस होतो, इनासचा इग्नातियुस, बस्त्यावचा सेबास्तियानुस. आणि गावात एकाच आडनावाचे, एकाच काळातले चार पेट्रुस! बँकेत आम्ही सहीवरून माणूस ओळखतो, इथे तीही सोय नाही. मग फादरांनी युक्ती सांगितली. माणूस त्याच्या नावावरून ओळखू नका, त्याच्या बायकोवरून ओळखा. आणि पाड्यावरून, आणि धर्मपिता कोण त्यावरून. धर्मपिता बहुधा जवळचा असतो, काका नाहीतर मामा. शेजाऱ्यांना घराण्याचं जुनं टोपणनाव माहीत होतं, एका नोंदीच्या कडेला कुणा फादरांनी तेही लिहून ठेवलेलं निघालं. चारातले तीन पेट्रुस गळले. राहिला तो आपला.

आपल्या पेद्रूचं लग्न १८९६ चं. मुलगे तीन, तिघांच्या नोंदी सापडल्या, आई एकच. इथवर भाऊ म्हणत होते तेच खरं. मग मृत्यूचं रजिस्टर काढलं. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. एरवी जिथे महिन्याला एक पान पुरतं, तिथे पानामागून पान. तो इन्फ्लुएन्झा. आपल्याकडच्या जुन्या बायका मानमोडीचा ताप म्हणायच्या. कोविडमध्ये आपण आपल्या सोसायटीतली माणसं घालवली आहेत, त्यामुळे ती पानं मला परकी वाटली नाहीत. त्यात पेद्रूची बायको होती. वय बेचाळीस.

तिथून पुन्हा लग्नाच्या रजिस्टरकडे. १९२० मध्ये एक नोंद: पेट्रुस, तोच बाप, तोच पाडा, आणि नावापुढे एक शब्द, ‘विदुउस’. फादर म्हणाले, म्हणजे विधुर. दुसरं लग्न. बायको वांद्र्याची. १९२२ मध्ये मुलीचा बाप्तिस्मा. १९२४ मध्ये तिची आई गेली. दोन वर्षांचं पोर. बाकीचं कागदावर नाही पण कळतं. तिघे सावत्र भाऊ मोठे, त्यांची लग्नं झालेली. मामाने पोरीला वांद्र्याला नेलं असणार आणि ती तिकडचीच झाली.

तरी वकील म्हणाला असता, १९२२ ला एक मुलगी जन्मली एवढंच सिद्ध होतं, वांद्र्याच्या बाईंची आई तीच कशावरून? याचं उत्तर त्याच नोंदीच्या समासात होतं. १९०८ पासून कॅथलिक चर्चचा नियम आहे की कुणाचंही लग्न लागलं की ते चर्च त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतं आणि तिथे मूळ नोंदीच्या बाजूला ते टिपून ठेवतात. आमच्या लेजरला फोलिओ नंबर टाकतात ना, अगदी तसं. समासात वेगळ्या शाईत लिहिलं होतं: १९४१, वांद्रे, चर्चचं नाव, नवऱ्याचं नाव. म्हाताऱ्या बाईंनी पत्रासोबत आईच्या लग्नाचा दाखला जोडला होता. तारीख तीच, नवरा तोच.

मी आयुष्यभर बॅलन्स टॅली केले, पण असा टॅली पाहिला नाही.

पुढचं लवकर सांगतो. भारतीय ख्रिस्ती माणसाला वारसाहक्काचा कायदा आहे तो १९२५ चा, आणि त्याआधी १८६५ चा. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे १९३४ मध्ये पेद्रू वारला तेव्हा त्या बारा वर्षांच्या मुलीचा चौथा हिस्सा कायद्यानेच होता. पंचांनी तो लिहिला नाही, कारण लिहायची पद्धत नव्हती. आपल्या हिंदूंमध्ये बघा, मुलीला वडिलांच्या मिळकतीत हिस्सा १९५६ मध्ये आला, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः बरोबरीचा हक्क २००५ मध्ये, आणि वडील त्या आधी गेले असले तरी तो आहेच, हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा २०२० चा. कायदा असूनही आजही तलाठ्यापुढे ‘बहिणींनी हक्क सोडला’ हे वाक्य किती सहज लिहिलं जातं, हे या सभागृहातल्या भगिनींना मी सांगायला नको.

भावांमध्ये दोन रविवार चर्चा झाली. आवाज चढले. एक जण म्हणाला, रजिस्टर बघायला सांगितलंच कुणी होतं? शेवटी पूर्ण चौथा हिस्सा नाही, पण तडजोडीने एक रक्कम ठरली आणि बाईंची सही खरेदीखतावर घेतली. पूर्ण का नाही, असं मी शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “अकरा जणांना एका वाक्यावर आणणं म्हणजे काय ते तुम्हाला सोसायटीच्या वार्षिक सभेवरून माहीत आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर चौथा हिस्सा द्यायला हवा होता. ते त्यांनाही माहीत आहे.

सहीच्या दिवशी त्या बाई वाडी बघायला आल्या. पैशांबद्दल एक शब्द काढला नाही. विहीर कुठे आहे, एवढंच विचारलं. आई सांगायची की घरामागे विहीर होती आणि तिला तिच्या काठावर उभी केल्याचं आठवतं. विहीर बुजलेली होती, पण दगडी कठडा दिसत होता.

अशा शोधाला प्रत्येकाकडे जमीन लागते असं नाही. आपल्याकडे झाडलोटीला येणाऱ्या एका बाईंच्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशासाठी जातपडताळणी हवी होती. त्या वारली समाजाच्या. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. घरात कागद म्हणावा तर रेशनकार्ड. आजोबा शाळेत गेलेले नाहीत. पण आजोबांचा चुलतभाऊ दुसरीपर्यंत शिकला होता, आणि एका पाड्यावरच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे जात लिहिलेली सापडली. दोन यत्ता शिकलेल्या त्या माणसाने नातवाला कॉलेजात नेऊन बसवलं. त्या माणसाचं आणि मुलाच्या आजोबांचं नातं दाखवायला मात्र चार महिने गेले.

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात पणजोबांपासून करू नये. स्वतःपासून मागे जावं, एकेक पायरी पक्की करत. आई-वडिलांचा मृत्यूदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका. हो, लग्नपत्रिका! तिच्यात मामा, आत्या, मूळ गाव सगळं छापलेलं असतं आणि आपण ती रद्दीत घालतो. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि लवकर विचारा. जमिनीचे जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी सोयीवर स्कॅन करून ठेवले आहेत, नातवाला बसवून काढून घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधी आपण ठाण्यात होतो, त्यामुळे पालघरला नाही मिळालं तर ठाण्याला चौकशी करायला विसरू नका. चर्चच्या नोंदीसाठी गावच्या फादरांना आधी भेटा, अर्ज करा, रविवारी जाऊ नका. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी आपली चर्च मुंबईच्या हाताखाली होती, तेव्हा काही चौकशी मुंबईलाही करावी लागेल. गोव्याकडच्या मंडळींसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे. आणि कृपा करून जुना कागद लॅमिनेट करू नका! आतला कागद पिवळा पडतो, प्लॅस्टिक सोलायला जावं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघतात.

शेवटचं आपल्या सोसायटीचं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने शेअर सर्टिफिकेट निघाली, त्यातले काही सभासद आज आपल्यात नाहीत. फ्लॅट मुलं वापरतात, मेंटेनन्स वेळेवर येतो, पण सर्टिफिकेटवर नाव अजून त्यांचंच. पुष्कळांना वाटतं नॉमिनेशन भरलं म्हणजे झालं. तसं नाही. नॉमिनी हा मालक होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात तर स्पष्टच आहे की नॉमिनी हा तात्पुरता सभासद, खरे वारस ठरेपर्यंत. उद्या पुनर्विकासाचा विषय निघेल, आणि तो निघणारच, तेव्हा वकील आपल्याही फ्लॅटची जाहीर नोटीस देईल. चौदा दिवसांची.

म्हणून कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक सभासदाला एक छापील तक्ता दिला जाईल. त्यात आजी-आजोबांपर्यंतची नावं भरायची, दोन्ही बाजूंची, आणि बायकांची माहेरची नावंसुद्धा. गेलेल्या मुलांचीही. एक प्रत घरी, एक सोसायटीच्या कपाटात. कपाटाला दोन कुलपं लावू, एक किल्ली सचिवांकडे, दुसरी खजिनदारांकडे.

ज्यांच्याकडे मोडी कागद असतील त्यांनी पुढच्या महिन्यापासून दर रविवारी दहा ते बारा सोसायटीच्या कार्यालयात घेऊन यावेत. मूळ प्रत नको, झेरॉक्स आणा. वाचता आलं तर लगेच सांगेन, नाही आलं तर आमच्या वर्गातल्या त्या मुलीला विचारून सांगेन. फी नाही. चहा मात्र तुमचा.

सचिव घड्याळाकडे बघू लागले आहेत. थांबतो.